धरणाची ओटी

या सदरात लोक जे लिहितात ते मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आले. अमुक वळणावर पांढरी साडी, तमुक बंगल्यात पावलांचे आवाज... वाचायचं, हसायचं आणि "आधी घराची वायरिंग तपासून घ्या" म्हणत पान उलटायचं. माझा स्वभावच तसा आहे. सगळी नोकरी सरकारी खात्यात सिव्हिल इंजिनीअर म्हणून काढली. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही, हे वाक्य मी घरात इतक्या वेळा म्हटलंय की माझी मुलगी पाहुण्यांसमोर माझी नक्कल करून दाखवते.

त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचं मला अवघड वाटतंय. पण गेल्या वर्षी रिटायर झाले आणि एका माणसाविषयी लिहायचं राहून गेलंय. खात्याचं, धरणाचं, गावाचं नाव देणार नाही. कृपया कॉमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका.

जागा अशी – कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागायचं आणि तासाभराने आत वळायचं. तिथे पाटबंधाऱ्यासाठी बांधलेलं एक मातीचं धरण आहे, पन्नाशी उलटलेलं. धरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिमेंटची उंच भिंत येते, तसं हे नाही. लांबून बघितलं तर लांबलचक टेकाडच वाटतं. वर गवत, गवतावर म्हशी. पलीकडे पाणी आणि अलीकडे, अगदी पायथ्याला म्हणावं इतकी जवळ, शंभरेक घरांची वाडी. कालव्याच्या पाण्यावर भेंडी, काकडी, वाल करायचे आणि कल्याणच्या मार्केटला आणायचे, असं तिथलं चाललेलं.

मातीचं धरण थोडं पाझरतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. किती पाझरतं आणि कसं पाणी येतं, एवढं बघायचं. त्यासाठी पायथ्याला एक चर असतो. तो सगळा पाझर एका बांधीव कुंडीत आणून सोडतो. कुंडीत एक लोखंडी पत्रा, पत्र्याला व्ही आकाराची खाच आणि बाजूला मोजपट्टी. खाचेतून पाणी किती मिलिमीटर उंचीने वाहतंय ते वाचायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. आकडा एकदम वाढला किंवा पाणी गढूळ यायला लागलं, तर समजायचं की आतली माती वाहून चाललीय. आणि माती वाहायला लागली की असं धरण फुटायला काही तास पुरतात.

हा आकडा वाचायचं काम बाळारामचं. तो धरणाचा चौकीदार, खालच्याच वाडीतला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्याला बाळारामभाऊ म्हणायचे. आमच्याकडे चौकीदारांची एक जुनी सवय आहे – घरी बसून आकडे भरायचे. भर पावसात पायथ्याला कोण उतरणार, कालचाच आकडा आज लिहायचा. सहा-सहा महिन्यांचे आकडे एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेली रजिस्टरं मी स्वतः पाहिलीत. बाळारामचं रजिस्टर तसं नव्हतं. तो सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला कुंडीवर जायचाच. पट्टी वाचायची, मग चहाचा काचेचा ग्लास कुंडीत बुडवायचा, उन्हाकडे धरून बघायचा आणि एक घोट तोंडात घेऊन खळखळवायचा. दाताला कचकच लागली तर पाण्यात माती आहे, ही त्याची परीक्षा. आमच्या लॅबवाल्यांपेक्षा माझा त्याच्या दातांवर जास्त विश्वास होता.

आता ओटीचं सांगते. त्या वर्षी श्रावणात धरण भरलं. भरलं की जलपूजन होतं, म्हणजे धरणाची ओटी भरायची. आमच्या साहेबांनी आदल्या दिवशी सांगितलं, "मॅडम, ओटीचं सामान तुम्ही घेऊन या, आमच्या मिसेस येतील भरायला." मी हो म्हटलं. घरी ठाण्याला, वर्तकनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सासूबाईंचं एक कपाटच आहे ब्लाउज पीसचं. मराठी घरात हे खण कसे फिरतात ते तुम्हाला माहीत आहेच. आलेला खण कोणी शिवत नाही, पुढच्या बाईच्या ओटीत जातो. फक्त ज्या बाईने दिला तिलाच परत जाऊ नये म्हणून सासूबाई प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात बॉलपेनने बारीक अक्षरात देणारीचं नाव लिहून ठेवतात. देताना तो कोपरा ओल्या बोटाने चोळून टाकायचा, हा नियम. मी घाईत एक मोरपंखी खण उचलला, घडीत तांदूळ, हळकुंड, सुपारी ठेवली, नारळ घेतला आणि निघाले.

साहेबांच्या मिसेस आल्याच नाहीत. साहेब म्हणाले, "मॅडम आहेत की. भरा मॅडम तुम्हीच."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे मिस्टर जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली. त्यानंतर माझी कल्याणला बदली झाली. त्या ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. मी आधीही टिकली लावायचे, नंतरही लावते. गळ्यातही बारीक चेन असते. तिथे सगळे उभे होते – सरपंच, वाडीतल्या बायका, बाळारामची बायको जनाबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन. "मी भरू शकत नाही" एवढं म्हटलं असतं तर पुढे "का?" आलं असतं. मी या गोष्टी मानत नाही, मग नाही तरी कशाला म्हणू, असं मनाशी म्हटलं आणि दगडांच्या पिचिंगवरून, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडी अस्तरावरून, पाण्यापर्यंत उतरले. खण पाण्यात सोडताना कोपऱ्यावर नजर गेली. निळ्या अक्षरात 'सुलभा, बारसं' तसंच होतं, पुसायचं राहिलेलं. नारळ तरंगत राहिला. खण घडीसकट खाली गेला. घरी जाताना जीपमध्ये मला एकटीलाच हसू येत होतं की सुलभाताईंच्या नातवाच्या बारशाचा खण धरणाला गेला.

दोन महिन्यांनी, दसरा झाल्यावर, मी पावसाळ्यानंतरच्या तपासणीला गेलेले. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. भिंतीवरून एक फेरी मारली, सगळं ठीक. मग बाळाराम आणि मी पायथ्याला कुंडीवर आलो. कुंडीवर लोखंडी जाळी असते, तिला कुलूप. बाळारामने कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी काढून कुलूप उघडलं, जाळी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "थांबा मॅडम, गिलास चौकीतच रायला." तो वर गेला. मी पट्टीवरचं शेवाळ पुसायला वाकले.

पत्र्याच्या मागे, जिथे चराचं पाणी कुंडीत येतं, तिथे तळाला तो खण होता.

घडी मोडलेली नव्हती. मी हात घालून वर काढला. भिजलेला होता, पण चिखलाचा एक कण नाही. घडीत तांदूळ होते, पांढरे आणि कडक. दोन महिने पाण्यात राहिलेला तांदूळ कसा होतो हे कोणत्याही बाईला सांगायला नको. हळकुंड होतं, सुपारी होती. कोपऱ्यात 'सुलभा, बारसं'. सासूबाईंचा 'भ' जरा वेगळा असतो, तोही तसाच.

जाळी उघडली तेव्हा आत काही नव्हतं का? शपथेवर सांगता येणार नाही. माझं लक्ष पट्टीकडे होतं. पण खण हातात आल्यावर मला भीती वाटलीच नाही, लाज वाटली. नवरा नसलेल्या बाईने भरलेली ओटी धरणाने परत केली – हेच पहिलं मनात आलं. मी, जी असल्या गोष्टींना हसते, तिच्या मनात. बाळारामची पावलं ऐकू आली तसा मी खण पर्समध्ये कोंबला.

त्याने ग्लास भरला, उन्हाकडे धरला, घोट घेतला. "साफ हाय मॅडम. दाताला काय लागत नाय." मी पट्टी वाचली. आकडा रोजचाच होता.

"सकाळी आत काही पडलेलं होतं का हो?" मी विचारलं.

"आठ वाजता बघलाय ना. पाचोला पन नव्हता."

"जाळी दुसरं कोणी उघडतं?"

त्याने करगोट्याची चावी दाखवली. "ही आंघोलीला पन काडत नाय मी. का वो, काय झालं?"

"काही नाही, असंच," मी म्हटलं.

घरी येऊन खण बाल्कनीत दोरीवर वाळत घातला आणि वहीत लिहून काढलं, कसं शक्य आहे ते. कोणी पाण्यातून काढून मुद्दाम टाकला असेल? जाळीच्या भोकातून माझं बोट जेमतेम जातं. सांडव्यावरून वाहून आला असेल? सांडव्याचं पाणी दुसऱ्या अंगाने नाल्याला जातं, कुंडीशी त्याचा संबंध नाही. चरातून आला म्हणावं, तर चराच्या तोंडाशी खडीचा थर आहे, त्यातून तांदळाचा दाणासुद्धा येणार नाही. एकच वाट उरत होती, धरणाच्या आतून. आणि घडी केलेला खण येईल एवढी आरपार वाट आत असती, तर धरण केव्हाच वाहून गेलं असतं. मग मी वही मिटली.

सासूबाई बाल्कनीत आल्या. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या, पण नजर तीक्ष्ण. "हा खण तू दिला होतास ना कुठेतरी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ओटी मी भरली हेही. मुलगा गेल्यापासून आम्ही दोघी त्या विषयाच्या कडेकडेने चालत होतो. त्या खुर्चीत बसल्या.

"तुला कोणी विचारलं होतं का, मिस्टर आहेत का म्हणून?"

"नाही."

"मग तू खोटं बोलली नाहीस. तो विषय सोड." त्यांनी खण चाचपून बघितला. "अगं, ओटी कोणी परत पाठवली तर आपण रुसून बसतो का? आमच्या वेळेला एखाद्या घरून ओटी परत आली, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन विचारून यायचं. काय झालंय, घरात सगळं बरं आहे ना. काहीतरी बिनसल्याशिवाय कोणी ओटी परत करत नाही. तू विचारलंस का?"

"धरणाला?"

"तू इंजिनीअर आहेस ना? मग तुमच्यात कसं विचारतात तसं विचार."

तुमच्यात कसं विचारतात... पाणी खाली करून, पिचिंग उचकटून बघतात. मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. पाण्याची पातळी उतरवून विमोचकाच्या, म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या जुन्या दगडी मोरीच्या, आजूबाजूला तपासणी करावी असं म्हटलं. मातीचं धरण आतून पोखरलं तर बहुतेक वेळा तिथूनच पोखरतं.

"रीडिंग वाढलंय?"

"नाही सर."

"गढूळ येतंय?"

"नाही."

"मग मॅडम, भरलेलं धरण मी कशाच्या जोरावर रिकामं करू? रब्बीचं पाणी जाईल, गाव माझ्या केबिनमध्ये येऊन बसेल. तुमच्याकडे काहीतरी हवं ना दाखवायला."

माझ्याकडे होतं ते पर्समध्ये होतं. मी ते दाखवू शकत नव्हते. एक तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. दुसरं म्हणजे ओटी भरणाऱ्या बाईला नवरा नव्हता, हे बाहेर पडून ऑफिसात चघळलं गेलं असतं. मी परत आले. तपासणीचा रिपोर्ट टेबलावर होता, 'स्थिती समाधानकारक' एवढं लिहून सही करायची बाकी. आठ दिवस मी सही केली नाही. जेवताना वाडी डोळ्यांसमोर यायची. जनाबाईचा भेंडीचा वाफा तर कुंडीपासून हाकेच्या अंतरावर होता. काही झालं तर पहिली तीच पाण्यात जाणार होती.

नवव्या दिवशी मी जे केलं ते आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय.

दुपारी बारा वाजता मी धरणावर गेले. बाळारामकडून कुंडीची चावी मागून घेतली आणि त्याला कालव्याच्या टोकाची दारं बघून यायला पाठवलं. जाऊन यायला त्याला दोन तास लागणार होते. मग साडी खोचली, चरात उतरले आणि पायाने तळाची माती ढवळली. पाणी चहासारखं झालं. पत्र्याच्या खाचेत एक दगड अडकवला, मागे पाणी तुंबून वर चढलं. मोबाईलवर फोटो काढले – गढूळ पाण्याचे, पट्टीचे. आकडा रोजच्या दुपटीहून जास्त. रजिस्टरमध्ये बाळारामच्या सकाळच्या 'पाणी साफ' या नोंदीखाली मी माझ्या अक्षरात तो आकडा लिहिला, शेरा मारला – 'गढूळ गळती, तातडीचे' – आणि सही केली. दगड काढून लांब फेकला. पाय धुतले. सगळ्या नोकरीत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. हा मात्र एका दमात लिहिला, याचं आता वाईट वाटतं.

बाळाराम परत आला तोवर पाणी निवळलं होतं. मी त्याला फक्त "लक्ष ठेवा" म्हणाले. पाच वाजता त्याने नेहमीप्रमाणे आकडा वाचला, घोट घेतला आणि माझ्या नोंदीखाली लिहिलं, 'पाणी साफ'. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं.

फोटो पाहून साहेबांचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी पाणी सोडायचा हुकूम निघाला. दारं उघडली. भरलेलं धरण नाल्याने, कालव्याने, शेतांमधून वाहत राहिलं. वाडीतले लोक भिंतीवर उभे राहून बघायचे. रब्बी गेली, काकडीचे वेल जूनच्या आशेवर राहिले. मला बघून बायका तोंड फिरवायच्या.

पाणी उतरल्यावर बाहेरून तज्ज्ञांची टीम आली. पाण्याच्या बाजूने मोरीशेजारचं पिचिंग उचकटलं. आत पोकळी होती. माणूस उकिडवा बसून आत सरकेल एवढी, दगडी मोरीच्या कडेकडेने धरणाच्या पोटात गेलेली. त्यातला एक म्हातारा इंजिनीअर आत टॉर्च मारून बाहेर आला तेव्हा कपाळाचा घाम पुसत होता. म्हणाला, "मॅडम, पुढच्या पावसात हे गेलं असतं. वाडीला निरोप पोचवायलाही वेळ मिळाला नसता."

मी त्याला विचारलं, पोकळी पलीकडे कुठपर्यंत गेलीय. त्याने टेप लावून दाखवलं. कुंडीच्या चरापासून बारा-तेरा फूट अलीकडे ती संपत होती. पुढे माती घट्ट, जुनी, न हललेली. कुदळीचा घाव घातला तर ठण्ण आवाज यायचा. पोकळीतली माती मोरीच्या सुटलेल्या सांध्यांतून कालव्यात निघून गेली होती. कुंडीत येणारा पाझर मात्र या घट्ट मातीतून गाळून येत होता, म्हणूनच साफ होता. तिथून खण तर सोडाच, दोरासुद्धा येऊ शकत नव्हता.

"मग त्या दिवशी तुम्हाला गढूळ पाणी मिळालं कसं?" म्हातारा स्वतःशीच म्हणाला. "असेल एखादी फट, नंतर बुजली असेल." आणि त्याने तसंच लिहून दिलं.

धरण दुरुस्त झालं. वाडी वाचली. माझं कौतुक झालं, ठाण्याला बोलावून गुच्छ दिला. आणि मग चौकशी लागली – एवढी गळती चालू असताना चौकीदाराला कशी दिसली नाही? रजिस्टर समोर होतं. सकाळी साफ, दुपारी मॅडमचं गढूळ, संध्याकाळी पुन्हा साफ. साहेब म्हणाले, "घरी बसून भरतात हे लोक, यात नवीन काय आहे." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण ही सवय सगळ्यांना माहीत होती. मीही त्या टेबलाला बसले होते. मी म्हणू शकले असते की हा माणूस तसा नाही. मग पुढचा प्रश्न आला असता, की तुमचं खरं का त्याचं? मी पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

बाळारामला धरणावरून काढून कल्याणच्या गोडाउनला टाकलं, गंजके पाइप राखायला. जाण्याआधी तो मला ऑफिसच्या जिन्यात भेटला.

"मॅडम, एक इचारू? त्या दिवशी पानी खरंच गढूल व्हतं?"

माझ्या मागे दोन क्लार्क उभे होते. नसते तरी मी काय बोलले असते, मला माहीत नाही.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "मंग माझेच डोले गेले बोला. दाताला पन लागली नाय." आणि तो जिना उतरून गेला.

नंतर कळलं, त्याने कल्याणला जाऊन डोळे तपासले आणि चष्मा केला. गोडाउनवर गेले की तो मला चष्म्यातून बघून उठून उभा राहायचा. दोन वर्षं मी दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं, आणि पाइप मोजून परत यायचे. माझी नोकरी, पेन्शन, खोटी नोंद... कारणं माझ्याकडे भरपूर होती. तिसऱ्या वर्षी तो काविळीने गेला. मला आठ दिवसांनी समजलं.

महिनाभराने मी वाडीत गेले. दुपारी तीनची वेळ. जनाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. मला बघून उठली, सतरंजी टाकली, पाणी आणून दिलं. मी इकडचं तिकडचं विचारलं. ती सांगत होती, कसे दिवस गेले त्याचे.

"शेवटी शेवटी लय वैताग करायचे बाई. पानी दिलं का गिलास उजेडाला धरायचे. मंग मला द्यायचे, तू बघ गो, साफ हाय का? मी हा बोलले का मंगच प्यायचे. सोताच्या डोल्यावर भरोसाच नव्हता रायला. लोक पन बोलायचे ना, बालारामनी घरी बसून आकडं लिवलं. ते कोनाला उलटून बोलले नाय कधी."

मी ग्लास खाली ठेवला आणि तिला सांगितलं. चरात उतरून माती ढवळली ते, दगडाचं, फोटोचं. पाणी साफच होतं हे. त्याचा एकही आकडा चुकला नव्हता हे.

वाल सोलणारे हात थांबले.

"मंग तुमाला कसं कललं आत भोक हाय?"

मी पर्समधून खण काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो लगेच ओळखला, तबक तिच्याच हातात होतं त्या दिवशी. कुंडीत कसा सापडला ते सांगितलं. मिस्टरांचंही सांगितलं. तिने खण उलटा करून बघितला, कोपऱ्यातल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्यो हिकडं कसा आला?"

"माहीत नाही जनाबाई. तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. तिथून येणं शक्यच नव्हतं."

तिने खण घडी करून माझ्याकडे सरकवला.

"ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्ये तुमी त्यांना सांगायचं व्हतं."

मग तिने वालाचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि सोलायला लागली. मी थोडा वेळ बसले. पाचची एसटी होती.